तुम्ही विचारलंत म्हणून: अजून पायरेट्सच?

गणपतीच्या जेवणाची पंगत बसत असते आणि कुणीतरी हमखास विचारतं, ‘काका, याच गावात स्टीलर्स आहेत, पेंग्विन्स आहेत. ते सोडून तुम्ही त्या पायरेट्सच्या नादाला कसे लागलात?’ विचारणारा बहुधा अमेरिकेतल्या आमच्या पिट्सबर्गला नवा असतो. स्टीलर्स अमेरिकन फुटबॉलची टीम, पेंग्विन्स आइस हॉकीची आणि पायरेट्स बेसबॉलची. सप्टेंबर असतो, बेसबॉलचा सीझन संपत आलेला असतो. आमचा बऱ्याचदा जुलैतच आटोपलेला असतो. मी ‘सांगेन कधीतरी’ म्हणत मठ्ठ्याचं भांडं पुढे सरकवतो.

प्रश्न रास्त आहे. स्टीलर्सकडे सहा सुपर बोल, पेंग्विन्सकडे पाच स्टॅन्ली कप, म्हणजे आपापल्या खेळातली सर्वोच्च विजेतेपदं. तिन्ही टीमचे रंग तेच, काळा आणि सोनेरी. पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली ती 1979 मध्ये. पुढे 1993 ते 2012, ओळीने वीस सीझन, जिंकलो त्यापेक्षा हरलो जास्त. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढा लांब वनवास दुसऱ्या कुठल्या टीमच्या वाट्याला आलेला नाही. फुटबॉल आणि हॉकीत टीमच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, बेसबॉलमध्ये तशी नाही. त्यामुळे आमच्याकडे घडलेला पोरगा मोठ्या पगाराला आला की मोठ्या शहरात जातो.

आम्ही 1978 मध्ये साताऱ्याहून इथे आलो तेव्हा मी सहा वर्षांचा. बाबा पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर. बेसबॉलबद्दल त्यांचा पहिला निकाल होता, ‘हा काय खेळ? सगळेच फुलटॉस!’ कारखान्यात ‘चिंतामणी’ कुणाला म्हणता येईना, म्हणून आठवडाभरात त्यांचा ‘चार्ली’ झाला. मग कँटीनमधल्या एका म्हाताऱ्या फिटरने त्यांना क्लेमेंटे सांगितला. पायरेट्सचा खेळाडू, पोर्टो रिकोचा रोबेर्तो क्लेमेंटे. बेसबॉलच्या कार्डांवर वर्षानुवर्षं त्याचं नाव ‘बॉब’ छापलं जाई आणि पेपरवाले त्याच्या इंग्रजीतले उच्चार जसेच्या तसे छापून हशा पिकवत. तो मात्र सांगत राहिला, माझं नाव रोबेर्तो. बरोबर 3000 हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, करून तो गेला. 31 डिसेंबर 1972 च्या रात्री, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. त्याच्याच काळात, 1 सप्टेंबर 1971 ला, पायरेट्सनी नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिनो उतरवले. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

बाबा रिटायर होईपर्यंत चार्लीच राहिले. पण त्यांच्या तोंडून ‘बॉब क्लेमेंटे’ कधी निघालं नाही.

हरण्याचं म्हणाल तर त्याचंही एक कौतुक असतं. 1992 ला अटलांटात शेवटच्या इनिंगमध्ये 2-0 ने पुढे असताना आम्ही 3-2 ने हरलो. विजयी रन काढायला जवळच्या तिसऱ्या बेसवरून नव्हे, लांबच्या दुसऱ्यावरून धावत आला तो सिड ब्रीम. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला, आमचाच जुना खेळाडू, आणि मैदानातला सगळ्यात हळू गडी! तो घसरत आला आणि सेफ ठरला. त्या रात्री मी जेवलो नाही. एप्रिल 2010 मध्ये मिलवॉकीने आम्हाला 20-0 ने धुतलं, टीमच्या तोवरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. आमच्या स्टेडियममध्ये घरचा डबा चालतो, म्हणून आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. पंधरा झाल्यावर आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. बाबांनी डबा उघडला, मागच्या रांगेतल्या एकट्या म्हाताऱ्या बाईला एक दशमी दिली आणि म्हणाले, ‘आता निवांत बघता येईल.’

आणि मग 1 ऑक्टोबर 2013. एकवीस वर्षांनी घरच्या मैदानावर प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची मॅच, समोर सिनसिनाटी. चाळीस हजारांवर माणसं, बहुतेक सगळी काळ्या कपड्यांत. राइट फील्डची, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाची भिंत एकवीस फूट उंच, कारण क्लेमेंटेचा नंबर 21. आम्ही तिच्याच वर बसलो होतो. सिनसिनाटीचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जॉनी क्वेतो, डॉमिनिकन रिपब्लिकचा. दुसऱ्या इनिंगमध्ये सगळं स्टेडियम त्याचं नाव लांबवून, हेल काढून चिडवायला लागलं. ‘क्वेऽऽतोऽऽ’. मीही ओरडत होतो, घसा फाटेपर्यंत. त्याच्या हातातून बॉल निसटून जमिनीवर पडला. पुढच्याच बॉलवर आमच्या रसेल मार्टिनने होम रन, म्हणजे आपला षटकारच, मारला. आम्ही 6-2 ने जिंकलो. अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या, एकाने बाबांनाही उचललं.

मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो. आम्ही पुलावरून गर्दीबरोबर परत चाललो होतो. लोक अजून तेच नाव ओरडत होते. पुलाच्या मध्यावर बाबा थांबले, टोपी काढून घाम पुसला.

‘जिंकलो ते छानच झालं,’ ते म्हणाले. ‘पण त्या पोराचं नाव असं नको होतं रे घ्यायला.’