पावती देणारी दहशत: आयसिसचा उदय आणि तिच्या मागे उरलेले कागद

आयसिसचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळे झेंडे आणि नारिंगी कपड्यांतल्या बंदिवानांच्या चित्रफिती येतात. जगाने पाहाव्यात म्हणूनच त्या चित्रफिती बनवल्या गेल्या होत्या, आणि जगाने त्या पाहिल्याही. मला मात्र या संघटनेच्या दुसऱ्याच अंगाचे कुतूहल अधिक वाटत आले आहे. तिच्या पावत्या, भाडेपट्टे, जन्मदाखले, दंडाच्या नोंदी, शिक्के. इराक आणि सीरियातील मोठा भूभाग तिने काही वर्षे केवळ बंदुकीच्या धाकावर सांभाळला, असे मानणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. जिथे सरकार नावापुरतेच उरले होते, तिथे तिने आपले दफ्तर उघडले, आणि ते दफ्तर बंद होऊन इतकी वर्षे लोटली तरी त्याचे परिणाम निस्तरत बसण्याची वेळ तिथल्या माणसांवर आली आहे.

सुरुवात २००३ पासून करावी लागते. सद्दाम हुसेन यांची राजवट पाडल्यानंतर इराकचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी त्या मे महिन्यात दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतील लोकांना सरकारी नोकरीचे दरवाजे बंद केले आणि दुसऱ्याने इराकचे सैन्यच बरखास्त केले. शस्त्र चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेली लाखो माणसे एका फटक्यात घरी बसली. त्यांपैकी सगळे अतिरेकी झाले नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. पण अबू मुसाब अल जरकावी या जॉर्डनच्या माणसाने उभारलेल्या टोळीला पुढे जे संघटनकौशल्य लाभले, ते मदरशांतून आलेले नव्हते, बरखास्त झालेल्या छावण्यांतून आलेले होते. जरकावीने २००४ मध्ये अल कायदाशी निष्ठा जाहीर केली आणि शियांवर हल्ले करून सुन्नी-शिया यादवी पेटवणे हेच आपले धोरण ठरवले. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा येथील शियांच्या पवित्र मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटात उडाला, आणि त्यानंतर बगदादच्या गल्ल्यांतून जे घडले ते यादवीपेक्षा वेगळे नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये जरकावी अमेरिकेच्या हवाई हल्ल्यात मारला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या वारसांनी ‘इस्लामिक स्टेट ऑफ इराक’ची घोषणा केली.

ही घोषणा तेव्हा हास्यास्पदच होती, कारण सुन्नी टोळ्याच तिच्यावर उलटल्या. अमेरिकेच्या पैशावर आणि शस्त्रांवर उभ्या राहिलेल्या ‘सहवा’ चळवळीने दोन वर्षांत संघटनेला जवळजवळ संपवत आणले. इथे कथा थांबू शकली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. सहवाच्या लढवय्यांना सरकारी नोकरीत सामावून घेण्याचे आश्वासन पंतप्रधान नुरी अल मलिकी यांच्या सरकारने अर्धेमुर्धेच पाळले, सुन्नी नेत्यांमागे खटले लावले, आणि एप्रिल २०१३ मध्ये हविजा येथे आंदोलकांच्या तळावर सैन्य घातले. ज्या लोकांनी जिवावर उदार होऊन अतिरेक्यांना हुसकावले होते, ते पुन्हा एकदा दोन्ही बाजूंना परके झाले. अतिरेक्यांना यापेक्षा मोठी देणगी कोणी दिली नसती.

दरम्यान, २०१० मध्ये संघटनेची सूत्रे अबू बक्र अल बगदादी याच्याकडे आली होती. समाराचा हा माणूस २००४ मध्ये काही महिने दक्षिण इराकमधील कॅम्प बुका या अमेरिकी बंदिछावणीत होता. तिथे धर्मवेडे तरुण आणि सद्दामच्या काळातील अधिकारी एकाच कुंपणाआड ठेवले गेले, आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना कुठे गाठायचे हे त्यांनी आतच ठरवले.

त्या अधिकाऱ्यांची कामाची पद्धत कशी होती, हे ‘हाजी बक्र’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका माणसाच्या कागदांवरून दिसते. हा सद्दामच्या हवाई संरक्षण दलाच्या गुप्तहेर विभागातील कर्नल. जानेवारी २०१४ मध्ये सीरियातील तल रिफात गावी बंडखोरांनी त्याला मारले, तेव्हा त्याच्या घरात हाताने काढलेले तक्ते आणि टिपणे सापडली, आणि पुढच्या वर्षी ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने ती प्रसिद्ध केली. त्यांत धर्मचर्चा फार कमी आहे. गावात आधी धर्मप्रसाराचे कार्यालय उघडावे. तिथे व्याख्यानांना येणाऱ्यांतून एकदोघे हेरगिरीसाठी निवडावेत. गावातील वजनदार घराणी कोणती, त्यांचे उत्पन्न कशाचे, त्या घराण्यांत कर्ते पुरुष कोण, त्यांच्या कोणत्या भानगडी उघड करण्याची धमकी देता येईल, याची यादी करावी. आणि जमल्यास त्या घराण्यांतील मुलींशी आपल्या माणसांची लग्ने लावावीत. तक्त्यांत हेरांवर नजर ठेवणारे हेरही होते. अशी टिपणे ज्याने लिहिली त्याने आयुष्यभर सरकारी गुप्तहेर खात्यांचा कारभार जवळून पाहिला होता, आणि तो कारभार त्याने नव्या झेंड्याखाली पुन्हा मांडला.

सीरियातील यादवीने या आराखड्याला जमीन दिली. एप्रिल २०१३ मध्ये संघटनेने आपल्या नावात सीरियाही जोडून घेतला (‘इस्लामिक स्टेट ऑफ इराक अँड सीरिया’, म्हणजेच आयसिस), जानेवारी २०१४ पर्यंत रक्का शहर पूर्णपणे ताब्यात घेतले आणि पुढच्याच महिन्यात अल कायदाने तिच्याशी संबंध तोडले. मग १० जून २०१४ रोजी उत्तर इराकमधील मोसुल शहर पडले. हल्लेखोर दीड हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. समोरचे सैन्य कागदोपत्री त्याच्या कितीतरी पट होते. ‘कागदोपत्री’ हा शब्द इथे शब्दशः घ्यावा, कारण मलिकींनंतर आलेले पंतप्रधान हैदर अल अबादी यांनीच त्या वर्षअखेरीस संसदेत सांगितले की लष्कराच्या पटावर ५०,००० सैनिक असे आढळले की ज्यांचा पगार निघत होता, पण जे हजरच नव्हते. मोसुलमधील व्यापारी आणि कंत्राटदार तर शहर पडण्याच्या कितीतरी आधीपासून या संघटनेला नियमित खंडणी पोहोचवत होते. जूनमध्ये जे झाले ते एका अर्थाने मालकी जाहीर करणे होते. २९ जून रोजी खिलाफतीची घोषणा झाली आणि पाच दिवसांनी बगदादीने मोसुलच्या अल नुरी मशिदीतून प्रवचन दिले.

त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत संघटनेने काय केले? सरकारी कर्मचाऱ्यांना कामावर परत बोलावले. ‘दीवान’ या नावाने खाती सुरू केली: जकात (म्हणजे इस्लामी धर्मकर, नाक्यावरची जकात नव्हे), शेती, शिक्षण, आरोग्य, युद्धात मिळालेली लूट, प्रत्येकाचे वेगळे. गव्हाच्या पिकावर जकात, दुकानांकडून साफसफाईचे शुल्क, विजेचे आणि पाण्याचे बिल, ट्रकवर जकातनाक्याचा कर, आणि प्रत्येकाची शिक्का मारलेली पावती. ट्रकवाल्याने ती पावती दाखवली की पुढच्या नाक्यावर पुन्हा पैसे द्यावे लागत नसत. इराकी सैनिकांच्या किंवा सरकारी माणसांच्या हातावर रोज चिरीमिरी ठेवणाऱ्याला ही व्यवस्था सोयीची वाटली असेल, तर त्यात नवल नाही. तेलाच्या विहिरींबद्दल पुष्कळ लिहिले गेले, पण कर आणि जप्ती यांचा वाटाही फार मोठा होता. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे बगदादचे सरकार २०१५ च्या मध्यापर्यंत मोसुलमधील आपल्या कर्मचाऱ्यांचे पगार पाठवत राहिले आणि आयसिस त्या पगारांतून आपला हिस्सा कापून घेत राहिली.

या कारभाराला शिस्त होती म्हणून तो सुसह्य होता, असा अर्थ कोणी काढू नये. ही शिस्तच सर्वांत भयंकर होती. जुलै २०१४ मध्ये मोसुलमधील ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर अरबी ‘नून’ हे अक्षर (‘नसारा’, म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचे आद्याक्षर) रंगवले गेले, शेजारी ‘इस्लामिक स्टेटची मालमत्ता’ असे लिहिले गेले, आणि मालकांना धर्मांतर, जिझिया (बिगरमुस्लिमांवरील कर), स्थलांतर किंवा मृत्यू यांतून निवडण्यासाठी मुदत दिली गेली. शिया, ख्रिस्ती आणि यझिदी (उत्तर इराकमधील एक अल्पसंख्य धर्मसमाज) यांच्या जप्त जमिनी शेती खात्याने भाडेपट्ट्याने दिल्या. ३ ऑगस्ट रोजी यझिदींच्या सिंजार भागावर हल्ला झाला, हजारो यझिदी पुरुष मारले गेले आणि सहा हजारांहून अधिक लोक, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, पळवून नेले गेले. त्या स्त्रियांच्या विक्रीचेही नियम होते, पत्रके होती, आणि व्यवहाराचे करार संघटनेच्या न्यायालयात नोंदवले जात होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये याला वंशसंहार म्हटले. तिकरितजवळील कॅम्प स्पायकर येथे जूनमध्ये सुमारे १,७०० शिया प्रशिक्षणार्थींची कत्तल झाली होती. मोसुलमध्ये त्याच महिन्यात पळवलेले ३९ भारतीय कामगार मारले गेल्याचे त्यांच्या घरच्यांना अधिकृतपणे कळायला मार्च २०१८ उजाडला. बदूश येथील सामूहिक दफनातून काढलेल्या अवशेषांची डीएनए तपासणी होईपर्यंत ते ‘बेपत्ता’ होते.

लष्करी अंत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. मोसुलची लढाई ऑक्टोबर २०१६ पासून जुलै २०१७ पर्यंत चालली आणि तिच्या शेवटी जुने शहर ढिगारा होऊन उरले. अल नुरी मशीद आणि तिचा झुकलेला हदबा मिनार आयसिसने जाताजाता स्वतःच उडवला. रक्का ऑक्टोबर २०१७ मध्ये सुटले, बागुज हे शेवटचे गाव मार्च २०१९ मध्ये, आणि बगदादी ऑक्टोबर २०१९ मध्ये इदलिब प्रांतात अमेरिकी छाप्यात मेला. खोरासान (अफगाणिस्तान आणि आसपासचा भाग) आणि पश्चिम आफ्रिकेतील शाखा अजूनही जिवंत आहेत, पण तो वेगळा विषय आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्या दफ्तराचे पुढे काय झाले. २०१४ ते २०१७ या काळात मोसुल, हविजा, तल अफर येथे जन्मलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यांवर आयसिसचा शिक्का होता, आणि इराक सरकारने ते दाखले मान्य केले नाहीत. लग्नेही आयसिसच्या न्यायालयांत लागली होती, म्हणून तीही अमान्य. नवा दाखला हवा तर आईबापांचे लग्न सिद्ध करा, बापाची ओळख सिद्ध करा, सुरक्षा खात्याची मंजुरी आणा. बाप आयसिसमध्ये गेल्याचा नुसता संशय असेल, तर ती मंजुरी मिळत नाही, आणि अनेक स्त्रियांना ती मिळवण्यासाठी न्यायाधीशापुढे ‘तबरिया’, म्हणजे नवऱ्याशी संबंध नाकारणारे निवेदन, द्यावे लागले. दाखला नाही तर शाळेत रीतसर प्रवेश नाही, सरकारी दवाखान्यात अडचण, नाक्यावर अडवणूक. सीरियातील अल होल छावणीत २०१९ मध्ये आयसिसच्या प्रदेशातून बाहेर पडलेले सत्तर हजारांहून अधिक लोक कोंबले गेले होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि त्यांच्या मायदेशांपैकी अनेकांनी त्यांना वर्षानुवर्षे परत घेतले नाही.

यझिदींची गाठ याहून अवघड आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या मुलांचा बाप मुस्लिम असल्यामुळे इराकच्या कायद्यानुसार त्यांची नोंद मुस्लिम म्हणूनच होते, आणि यझिदी होण्यासाठी आईबाप दोघेही यझिदी असावे लागतात. एप्रिल २०१९ मध्ये यझिदी धर्मपरिषदेने सुटून आलेल्या सर्वांना स्वीकारण्याचे जाहीर केले, पण थोड्याच दिवसांत बलात्कारातून जन्मलेली मुले त्यात येत नाहीत असा खुलासा केला. ज्या समाजाचे अस्तित्वच पुसण्याचा प्रयत्न झाला त्याची भीती मला समजते, तरीही तो खुलासा मला मान्य करवत नाही. २०२१ मध्ये इराकी संसदेने यझिदी वाचलेल्या स्त्रियांसाठी कायदा केला, त्यात मासिक वेतन आणि जमिनीची तरतूद आहे; या मुलांविषयी मात्र त्यात एक ओळही नाही. परत यायचे तर मूल छावणीत किंवा अनाथालयात सोडून या, हाच पर्याय अनेक आयांपुढे उरला, आणि काहींनी मुलासाठी परतणेच नाकारले.