मोजणी केलीस का?

मागच्या वर्षी डॅलसजवळ घर घेतलं. बाबांना फोन केला तर अभिनंदन राहिलं बाजूला, पहिला प्रश्न "मोजणी करून घेतलीस का?" गावी बांधावरून चुलत्यांशी जे काही झालंय ते बघता बरोबरच होतं म्हणा.

इथे मोजणीला सर्व्हे म्हणतात. विकणाऱ्याकडे त्याच्या वेळचा जुना सर्व्हे होता आणि टेक्सासमध्ये अशी सोय आहे की त्यानंतर काही बदललेलं नाही असं टी-४७ नावाचं प्रतिज्ञापत्र मालकाने दिलं आणि टायटल कंपनीला (मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणारी), बँकेला चाललं तर तोच वापरता येतो, तेवढेच पैसे वाचतात. आम्ही खूश! पण परसात एक भलीमोठी शेड, आणि जुन्या नकाशात ती नाहीच.

मग नवा सर्व्हे. शेड चार फूट ईझमेंटमध्ये घुसलेली निघाली. म्हणजे जमीन आपली, पण वीजवाल्यांना तिथे लाइनसाठी खणायचा हक्क, शेड आड आली तर गेली.

मला वाटलं टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, आहे ना. छे! तो मागच्या भानगडींसाठी, खोटी सही, लपलेला वारस, न फेडलेलं कर्ज वगैरे. प्रीमियम एकदाच, दर राज्य सरकारच ठरवतं त्यामुळे घासाघीस नाही. बँकेची पॉलिसी वेगळी, ती बँकेला वाचवते, आपल्याला नाही. आणि आधीच दिसलेल्या गोष्टी पॉलिसीतल्या शेड्यूल बी नावाच्या यादीत अपवाद म्हणून टाकतात, म्हणजे त्यांची भरपाई नाही. हद्दीच्या वादाबद्दल तर छापील पॉलिसीतच हात वर केलेले असतात. तो अपवाद फक्त क्षेत्रफळ कमी भरण्यापुरता ठेवून बाकी हद्दीचे वाद विम्यात घ्यायचे तर मालकाच्या पॉलिसीच्या प्रीमियमवर ५ टक्के जास्त लागतात. भराच ते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, रात्री दोनला टायटल कमिटमेंट (पॉलिसीआधी येणारा तिच्या अटींचा कागद) वाचत बसलो तेव्हा सापडलं.

बाबा म्हणाले, "एवढं कशाला, सातबारा काढायचा ना." आता त्यांना कसं सांगू की सातबारासुद्धा महसुलाचा कागद, मालकीचा पक्का पुरावा नाहीच तो.

शेवटी विकणाऱ्याने क्लोजिंगआधी, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याआधी, शेड उचलून नेली, खालचा काँक्रीटचा चौथरा तेवढा राहिला. जूनमध्ये बाबा आले तर पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेऊन कुंपणाच्या कडेकडेने पावलं मोजत फिरत होते, आणि शेजारचा आजोबा खिडकीतून बघत होता.