साताऱ्यातनं चालत गुहागरच्या समुद्रापर्यंत – माझा अनुभव

साताऱ्याहून कोकणात जायचं म्हटलं की एसटी नाहीतर गाडी, सकाळी निघालं की दुपारी समुद्रावर. मी पण कायम तसाच गेलोय. पण गाडीत बसलं की घाट कधी उतरला, माती काळ्याची तांबडी कुठं झाली, झाडं कुठं बदलली, पक्षी कुठले बदलले, काही म्हणजे काही कळत नाही, आणि हे मला बरीच वर्षं खात होतं. त्यात अफानासी निकितिनबद्दल वाचलं. 15व्या शतकातला हा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नर करत पार बिदरपर्यंत गेला आणि परत जाताना दाभोळच्या बंदरातनं जहाजात बसला. एवढ्या लांबचा माणूस आपला सह्याद्री ओलांडून जातो आणि आपण इथं पायथ्याला राहून कधी चालत किनारा गाठला नाही! मग ठरवलं, जायचं.

दुसरं कारण पाण्याचं. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर उभं राहिलं की समोरचं पाणी पूर्वेला निघालेलं असतं, आंध्रातनं बंगालच्या उपसागरात. कोयना पण कराडला कृष्णेला मिळते म्हणजे तिचंही खरं तर तिकडंच जायला पाहिजे. पण धरणात अडवलेलं पाणी बोगद्यांनी डोंगराच्या पोटातनं पश्चिमेला नेऊन पोफळीच्या वीजघरात सोडतात, तिथनं ते कोळकेवाडीला येतं, परत वीज करतं आणि वाशिष्ठी नदीत जातं. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं या पश्चिमेकडच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलीय. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं पाणी दाभोळच्या खाडीतनं अरबी समुद्राला मिळतं. ते पाणी डोंगराच्या आतनं जातं, आपण वरनं जायचं, असा सगळा हिशोब होता.

सोबत मावसभाऊ, सांगलीचा, कृष्णाकाठचा गडी. घरी आईनं पहिला प्रश्न विचारला, "अरं एसटी बंद झाल्यात का?" तयारी फार काही नाही, रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर पाठीला वजन घेऊन चढ-उतार केला. सॅकमध्ये दुर्बीण, ओआरएस, टोपी, चिकटपट्टी, गूळ-शेंगदाणे आणि दोन रिफ्लेक्टर जॅकेट. जॅकेट आवर्जून सांगतोय कारण कुंभार्ली घाटात पहाटे धुकं असतं, ट्रक असतात आणि कडेला चालायला जागा नसते.

एक गोष्ट आधीच बघून ठेवा. आम्हाला खरं तर कोयनेच्या जंगलातनं पायवाटेनं कोकणात उतरायचं होतं. पण कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथं वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि आत रात्र काढता येत नाही. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांना हे माहितीच असतं. आम्ही चौकशी केली, दिवसभराची परवानगी मिळते पण आमच्यासारखं आरपार पलीकडं उतरायचं गणित बसेना, म्हणून सरळ डांबरी रस्ता धरला. आणि मला ते पटलं पण. ते जंगल गव्या-अस्वलांचं आहे, वाघ परत यावा म्हणून एवढी माणसं खपतायत, तिथं आपली हौस कशाला.

मार्च लागला आणि निघालो. ठोसेघरवरनं चाळकेवाडीचं पठार, तिथनं पवनचक्क्यांच्या मधनं वनकुसवडे करत पाटणला उतरलो. पठारावर सावली नाही, वारा मात्र असा की बोललेलं ऐकू येत नाही. गवत वाळून पिवळं पडलेलं आणि त्यात चंडोल एकदम पायाखालनं उडायचे. मुक्काम देवळात, गावातल्या कुणाला तरी सांगून. एका ठिकाणी आजींनी भाकरी आणि घेवड्याची आमटी आणून दिली, पैसे विचारले तर रागावल्याच.

पाटण ते कोयनानगर रस्ता नदीच्या कडेनं, बरा आहे. खरी मजा हेळवाकच्या पुढं. घाटमाथ्यापर्यंत उघडेबोडके डोंगर, पांगारा आणि काटेसावर पानं गाळून नुसती फुललेली, त्या लाल फुलांवर मैना, कोतवाल, हळद्या असा सगळा बाजार भरलेला, आणि घाट उतरायला लागलो की हळूहळू झाडी दाट, हवा जड, अंगाला चिकटणारी. वर घाम वाऱ्यावर सुकायचा, खाली सुकतच नाही. चालत गेलं तर हा बदल अंगावर येतो, गाडीत काच बंद असते. उतारानं पायाला फोड आले ते वेगळं, घाट चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रासाचं हे पक्कं लक्षात ठेवा आणि नखं आधी कापून घ्या.

घाटातच धनेश बघितला. मलबारी राखी धनेश, आपल्या पश्चिम घाटाशिवाय जगात कुठंच नाही. आधी आवाज आला, कुणीतरी ठसका लागल्यासारखं हसतंय असा, मग मावसभावानं बोट दाखवलं. एका जुन्या झाडाच्या खोडाला भोक, भोक जवळपास लिंपून बंद केलेलं, फक्त एक उभी फट. आत मादी असते. अंडी घालायच्या आधी ती ढोलीत शिरते आणि दार आतनं लिंपून घेते, मग पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरनं भरवतो. तो नर आला, फांदीवर बसला, मान मागं-पुढं करून गळ्यातनं एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं, फटीतनं आत दिलं. मग दुसरं, मग तिसरं. फटीतनं मादीच्या चोचीचं टोक तेवढं दिसायचं. मागनं ट्रक जातायत, हॉर्न वाजतायत, त्याला काही नाही, त्याचं काम चालू. ढोली असलेलं एक जुनं झाड तोडलं तर या जोडीचं घर जातं, कारण त्यांना स्वतःला ढोली कोरता येत नाही, आयती शोधावी लागते. रस्त्याकडेच्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडते तेव्हा हे कुणी मोजतं का?

पोफळीला एका घरी पाणी मागितलं तर मावशींनी कोकम सरबत दिलं. "चालत? साताऱ्यापासून? नवस आहे काय?" मी कोयनेच्या पाण्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग हे सरबत पण तुमच्याच पाण्यातलं म्हणा की." वाशिष्ठीला भर उन्हाळ्यात एवढं पाणी दिसतं ते कोयनेच्या अवजलामुळं, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यामुळं, चिपळूणचं पिण्याचं पाणी, खालची शेती, सगळं त्याच्यावर.

चिपळूणला गोवळकोट धक्क्यावरनं होडीनं खाडीत गेलो ते मगरींसाठी. ओहोटीची वेळ धरून जा, तेव्हाच त्या चिखलावर उन्हाला पडलेल्या असतात. आमच्या होडीपासून थोड्या अंतरावर एक भली मोठी, जबडा उघडा टाकून निवांत. अंगातली उष्णता कमी करायला मगर तोंड तसं उघडं ठेवते, तो काही हल्ल्याचा पवित्रा नाही. मावसभाऊ गप्प झाला होता. त्यांच्याकडं औदुंबर-भिलवडीच्या बाजूला कृष्णेत हीच मगर आहे, तिथं माणसं दगावलीयत, त्यामुळं तो मगरीकडं बघतो ती नजर वेगळी. म्हणाला, "दादा, आमच्याकडं हिला बघायला कोण पैसे देणार नाही." होडीवाले काका म्हणाले की इथं लोक जपून असतात, जिथं मगरी बसतात तिथं कुणी पाण्यात उतरत नाही. एकच जनावर, दोन नद्या, आणि माणसांचं नातं एवढं निराळं. सांगलीकडं नदीकाठ नांगरून, काठची गाळमाती उपसून मगरीला अंडी घालायला जागाच कमी ठेवलीय हे पण खरं आहे.

पुढं मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर. जांभ्याचा रस्ता, काजूच्या बागा, ऊन भयंकर, यावर जास्त लिहीत नाही. समुद्र दिसला तेव्हा दोघंही सॅक टाकून बूट घालूनच पाण्यात गेलो.

आता कासवं. गुहागरचा किनारा लांबलचक, सरळ, आणि तिथं ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी दीडएक फूट खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि अंगानं धप धप आपटून दाबून बसवते, मग परत समुद्रात. पिल्लं ती कधीच बघत नाही. पूर्वी अंडी माणसं न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला काम सुरू केलं, तिथनं ते कोकणभर पसरलं. आता गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालतात, पावलांचा माग काढून घरटं शोधतात आणि अंडी जाळीच्या आत हॅचरीत पुरतात. पन्नासएक दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर, म्हणजे उन्हाळा वाढतोय त्याचा हिशोब इथं पण लागणार.

पिल्लं कधी निघतील हे कुणी नक्की सांगत नाही. त्यामुळं तिथं थांबायची तयारी पाहिजे, परतीचं तिकीट काढून येऊ नका. आम्ही मधल्या वेळात किनाऱ्यानं अंजनवेल, तिथनं धोपावे आणि फेरीबोटीनं दाभोळला जाऊन आलो. निकितिनच्या वेळी इथं अरबस्तानातनं घोडे उतरायचे. आज खाडीच्या कडेला तिवरांची झाडी, आणि ओहोटीला चिखलात निवट्या पुढच्या परांवर उड्या मारत फिरतात, मासा असून पाण्याबाहेर! एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी वर-खाली करत एकमेकांना दाखवत होते. धक्क्यावर बसून किती वेळ गेला कळलं नाही.

मग एका संध्याकाळी निरोप आला. कासवमित्रानं हॅचरीतल्या घरट्यावरची टोपली उचलली तर खालची वाळू हलत होती. आधी एक काळपट नाक, मग एक हात, मग एकावर एक चढत सगळीच. तळहातावर मावतील एवढी. दोरीच्या अलीकडं आम्ही, कुणी मोबाईलचा फ्लॅश मारायचा नाही, कारण उजेड दिसेल तिकडं ती वळतात. एक पिल्लू लाटेनं उलटं होऊन परत आमच्या पायापर्यंत आलं, एक बाई उचलायला वाकल्या, कासवमित्र म्हणाला, "ताई, राहू द्या, त्याचं ते जाईल." परत चालायला लागलं, पुढच्या लाटेत गेलं.

त्यानंच सांगितलं, 2021 ला ओडिशात टॅग लावलेली एक मादी, 03233 नंबरची, 2025 च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर अंडी घालून गेली. साडेतीन हजार किलोमीटर, बंगालच्या उपसागरातनं इकडं. तोपर्यंत शास्त्रज्ञ पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी धरायचे. हे ऐकल्यावर मी आणि मावसभाऊ एकमेकांकडं बघायलाच लागलो, कारण आपली कृष्णा त्याच उपसागरात जाते आणि तिच्या मुखाशी हंसलदीवीला पण ऑलिव्ह रिडले अंडी घालतात.

येताना गुहागरहून एसटीनं आलो. मावसभावानं सांगलीपासनं हंसलदीवीपर्यंतचा नकाशा काढायला घेतलाय, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, सगळा नदीकाठ, एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं. थंडीत पहिला टप्पा सांगली ते अलमट्टी. कुणाला यायचं असेल, आणि त्या पट्ट्यातलं कुणी ओळखीचं असेल, मुक्कामाची सोय होईल अशी गावं माहिती असतील, तर जरूर कळवा. कानडी येणारा एक जण तर पाहिजेच आहे.