चोर स्पिंडल, फाशी मात्र आर्डुइनोला

घरी बनवत असलेल्या सीएनसी मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कोरणाऱ्या मशीनचा, सांगाडा उभा राहिला तेव्हा वाटलं अवघड काम संपलं. तिन्ही ॲक्सिस हाताने मस्त फिरत होते, आता काय, चार वायरी जोडायच्या आणि एक मोटर लावायची की झालं. कसलं काय! सांगाड्याला लागला त्याच्या तिप्पट वेळ त्या चार वायरी आणि एका मोटरने खाल्ला. तयार कंट्रोलर (मोटरना हुकूम देणारा बोर्ड) मिळतो, तयार स्पिंडल (कोरायचा बिट धरून गरगर फिरवणारा भाग) पण मिळतो, मलाही माहीत होतं, पण तेव्हा डोक्यात भूत बसलं होतं की दोन्ही घरीच करायचं. शिवाय मला मशीनकडून मुख्यतः पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे तांब्याचे बोर्ड) कोरून घ्यायचे होते, म्हणजे ताकद फार नको, अचूकपणा हवा.

कंट्रोलर म्हणजे आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, त्यात जीआरबीएल हे सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर, आणि डॉट पीसीबीवर (भोकाभोकांचा तयार बोर्ड) सोल्डर केलेले तीन ए४९८८ ड्रायव्हर, म्हणजे मोटरना करंट देणाऱ्या चिपा. स्टेप्सचं गणित सोपं आहे, ॲक्सिसच्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, १/८ मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आठ तुकडे) लावलं की १६००, माझा लीडस्क्रू (ॲक्सिस सरकवणारा आट्यांचा दांडा) एका फेऱ्यात ८ मिमी सरकतो, म्हणजे मिलिमीटरला २०० स्टेप. इथे काही चुकलं नाही. चुकलं ते करंट लावताना. ड्रायव्हरचा करंट ठरवणारा व्होल्टेज म्हणजे व्हीरेफ, त्याचा फॉर्म्युला असा की ८ गुणिले करंट गुणिले सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा ड्रायव्हरवरचा रेझिस्टर), मला १ अँपिअर हवा होता, रेझिस्टर ०.१ ओहम धरला आणि तो बारीक स्क्रू फिरवून ०.८ व्होल्ट लावले. मशीन पाच-सात मिनिटं चालायचं, मग एक्स ॲक्सिस मधेच डुलकी काढायचा आणि परत उठून चालायला लागायचा, तोपर्यंत जॉबचे बारा वाजलेले. शेवटी भिंग घेऊन ड्रायव्हर बघितला तर रेझिस्टरवर आर०५० लिहिलेलं, म्हणजे ०.०५ ओहम. मी बिचाऱ्याला चक्क २ अँपिअरची सेटिंग देऊन बसलो होतो, तो तापून स्वतःच बंद व्हायचा. व्हीरेफ ०.४ केला, प्रश्न मिटला. एक ड्रायव्हर मात्र निव्वळ आळसापायी घालवला, पॉवर चालू असताना मोटरचा कनेक्टर ओढला आणि तो गेला. हे करू नका.

स्पिंडलसाठी पहिल्यांदा ७७५ डीसी मोटर, तिच्या ५ मिमी शाफ्टवर सरळ कोलेट (बिट आवळून धरणारी पकड) बसवला आणि २४ व्होल्टवर पीडब्ल्यूएमने (पॉवर भराभर चालू-बंद करून वेग बदलायची पद्धत) चालवायची म्हणून मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लावला. आता मॉसफेटची गंमत ऐका. आयआरएफझेड४४एन आणि आयआरएलझेड४४एन, फरक एका अक्षराचा. एफवाल्याला गेटवर (स्विच उघडणारी पिन) १० व्होल्ट लागतात नीट उघडायला, आर्डुइनो देतो ५, त्यामुळे तो अर्धवट उघडा राहतो आणि तापतो. मी अर्थातच एफवाला लावलेला, हे बोटाला चटका बसल्यावर कळलं. एलवाला लावला, मोटरला उलटा डायोड पण साधा काढून शॉटकी (झटपट काम करणारा डायोड) टाकला, मग हीटसिंक नुसता कोमट.

पण खरी तंतरली ती पुढे. मी कोलेटमध्ये बिट घट्ट करत होतो, स्पॅनर हातात, आणि बाजूला लॅपटॉपवर सॉफ्टवेअरने आर्डुइनोशी बोलायचा पोर्ट उघडला. तेवढ्यात स्पिंडलने असा काही हिसका दिला की स्पॅनर उडून टेबलाखाली. कारण एकदम साधं निघालं, पोर्ट उघडला की उनो रिसेट होतो, त्या क्षणी त्याच्या पिना लोंबकळत असतात आणि मॉसफेटचं गेट वाटेल तो व्होल्टेज धरतं. गेट ते ग्राउंड एक १० केचा (१० हजार ओहम) रेझिस्टर, म्हणजे गेट शून्यावर राहतं, बस. तरी तेव्हापासून बिट बदलताना मी स्पिंडलची पॉवर वेगळ्या स्विचने बंदच करतो, रेझिस्टरवर बोटं ओवाळून टाकायची माझी तयारी नाही.

आता मुख्य रडगाणं. स्पिंडल बंद असताना मशीन तासभर हवेत फिरायचं, काही तक्रार नाही. स्पिंडल चालू केला की अर्ध्या मिनिटात अलार्म १, म्हणजे हार्ड लिमिट लागली, ॲक्सिस टोकाच्या लिमिट स्विचला धडकला, आणि बघावं तर स्विचच्या आसपास कोणी नाही. मी आर्डुइनो बदलला. मग यूएसबी केबल बदलली. मग जीआरबीएल परत टाकलं, दोन वेळा. हार्ड लिमिट बंद करून पण बघितलं, अलार्म गेला पण मग अधूनमधून यूएसबीच तुटायला लागलं, आगीतून फुफाट्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं चाललं होतं सगळं. एका रात्री वैतागून स्पिंडलच्या दोन्ही वायरी मोटरपासून काढल्या आणि स्पिंडल चालू करायची कमांड दिली, काही नाही. वायरी लावल्या, अलार्म. मग लिमिट स्विचची वायर सोडवून हातात धरली आणि स्पिंडलच्या वायरपासून वीतभर लांब नेली, अलार्म बंद. जवळ आणली, अलार्म! रेडिओचं स्टेशन लावावं तसं मी दहा मिनिटं नुसतं तेच करत बसलो होतो.

झालं होतं असं की ब्रशवाल्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात, त्याचा कचरा तिच्या वायरीतून येतो, आणि मी हौसेने, छान दिसतं म्हणून, स्पिंडलच्या आणि लिमिट स्विचच्या वायरी एकत्र बांधून दर चार बोटांवर टाय मारले होते. त्यात लिमिट पिनला नुसता चिपमधला पुलअप (पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर), २० ते ५० के, म्हणजे फुंकर मारली तरी हलेल असा. मग एकेक करत गेलो. मोटरच्या दोन्ही टर्मिनलवरून बॉडीला १०४ नंबरचे (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर, स्पिंडलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन वेगळ्या वाटेने, लिमिट पिनला बाहेरून २.२ केचा पुलअप आणि एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, शिवाय स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, धडकलं की तुटणारे) करून घेतले, म्हणजे वायर तुटली तरी कळतं. सगळ्यात जास्त फरक माझ्या मते ग्राउंडने पडला. स्पिंडलचा सगळा करंट आर्डुइनोच्या बारीक ग्राउंड वायरीतूनच परत जात होता, तो जाड वायरने थेट सप्लायला नेला. अलार्म संपला तो संपला.

मग पहिला पीसीबी कोरला आणि परत कपाळाला हात. ३० अंशाचा व्ही-बिट, टोक ०.१ मिमी, खोली ०.१ मिमी, म्हणजे रेघ साधारण ०.१५ मिमी यायला पाहिजे. आली ०.३, बारीक ट्रॅक गायबच. कोलेटमध्ये सरळ पिन धरून डायल गेज लावला, ०.१४ मिमी रनआउट, म्हणजे फिरताना पिन तेवढी डगमगते. कोलेट शाफ्टवर बाजूच्या ग्रबस्क्रूने (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) धरलेला, तो एका अंगाला ढकलला जाणारच.

म्हणून स्पिंडल पण घरचा. ८ मिमी दांड्याचा ईआर११ कोलेट होल्डर घेतला, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये दोन ६०८ बेअरिंग, आणि मोटर मागे प्लास्टिकच्या प्लेटवर ठेवून बेल्टने जोडली. पहिला ब्लॉक मी ड्रिल स्टँडवर दोन्ही बाजूंनी बोअर केला आणि शाफ्ट हाताने फिरेना. लेथवर आयुष्य काढलेले एक काका ओळखीचे आहेत, त्यांना दाखवला. त्यांनी शाफ्ट दोन बोटांत धरून एकदाच फिरवला आणि विचारलं, "ब्लॉक उलटा करून दुसरी बाजू मारलीस ना?" म्हटलं हो काका. "अरे मग दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे बघणार कशी? एकदाच धर आणि आरपार मार." २२ मिमीचा बोअर एकाच सेटिंगमध्ये त्यांच्याच लेथवर झाला, आणि त्यांनी मला बेअरिंगला हातोडी लावू दिली नाही.

६०८ला पुढे-मागे थोडा प्ले (ढिलेपणा) होता, म्हणून त्याच मापाची अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग (दांड्याच्या दिशेचा दाबही झेलणारी) टाकली. प्रीलोडसाठी, म्हणजे बेअरिंग आधीच थोडी दाबून ठेवायला, दांड्याला आटे पाडायला गेलो तर दांडा हार्ड केलेला, डायचेच दात गेले. मग स्प्लिट कॉलर (दांड्यावर आवळायची कडी) आणि वेव्ह वॉशर (स्प्रिंगसारखी लाटदार चकती). कॉलर जरा जास्तच दाबून बसवली, दहा मिनिटांत ब्लॉकला हात लावता येईना, थोडी सैल केली तेव्हा कुठे कोमटावर आलं. आणि एक, ईआर कोलेट आधी नटमध्ये टक्‌ करून बसवायचा, मग नट होल्डरवर लावायचा. मी महिनाभर कोलेट आधी होल्डरमध्ये टाकत होतो, त्यामुळे तो वाकडा बसायचा आणि निघायचा पण नाही.

आता रनआउट ०.०३ आहे. कोरलेला पहिला कामाचा पीसीबी म्हणजे या मशीनचाच ड्रायव्हर बोर्ड, डॉट पीसीबीचं जंजाळ काढून तो बसवलाय. फक्त एस (स्पिंडलच्या वेगाचा आकडा) ७०० ते ७५० च्या मधे बेल्ट शिट्टी मारतो. काल ताण थोडा कमी केला, तर शिट्टी ८०० वर सरकली.