टोपेकातली मन्रो शाळा

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं टोपेका कॅन्सस सिटीहून गाडीने तासाभरावर. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मी लवकरच पोचलो. मन्रो शाळेत आता संग्रहालय आहे; त्याचं दार उघडेपर्यंत पायऱ्यांवर उभा होतो आणि मोकळ्या मैदानावरचा वारा कान बधिर करत होता.

१९२६ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेली ही शाळा पडकी, अंधारी असेल अशी माझी समजूत. प्रत्यक्षात भक्कम विटांची दुमजली इमारत, उंच खिडक्या, वर्गांत भरपूर उजेड. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध पालकांनी लढवलेल्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्याचं मर्म मला इथेच कळलं. 'वेगळं ठेवा, पण समान द्या' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात मान्य केलं होतं. टोपेकात इमारती, शिक्षक, अभ्यासक्रम जवळपास सारखेच. गळक्या छपराकडे बोट दाखवायची सोयच नव्हती. वेगळं बसवणं हाच अन्याय आहे, हे पटवून द्यायचं होतं. कॅन्ससच्या न्यायालयाने मुलांच्या मनावर याचा वाईट परिणाम होतो हे मान्य केलं, तरी जुन्या निकालापुढे हात टेकले आणि पालक हरले.

खटला भरणाऱ्या तेरा पालकांपैकी ऑलिव्हर ब्राउन रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर. त्यांची साक्ष साधी आहे. मुलगी लिंडा सकाळी ७.४० ला घर सोडते, बसची वाट बघत पावसात, बर्फात उभी राहते. बस साडेआठला शाळेशी सोडते, दार उघडतं नऊला. गोऱ्या मुलांची समनर शाळा मात्र घरापासून सात चौक. मी तर बाहेर दहाच मिनिटं उभा होतो.

साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसणारे भीमराव आठवणारच. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या परिस्थितीतलं साम्य मांडलं होतं. ड्यू बॉइस कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्या 'एनएएसीपी' संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, तिचेच वकील थरगुड मार्शल यांनी पुढे हा लढा न्यायालयात नेला.

१७ मे १९५४. नऊच्या नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल: शिक्षणात वेगळं ते समान असूच शकत नाही.

पण निकालाने शाळा लगेच एक झाल्या नाहीत. याच निकालात व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचाही खटला होता. एकत्र बसवण्यापेक्षा तिथल्या कारभाऱ्यांनी १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं. तेव्हा पहिलीत बसायला निघालेलं सहा वर्षांचं पोर, १९६४ मध्ये त्या शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा अकरा वर्षांचं झालं होतं.