चाल कुठे अपलोड करू?

मध्यंतरी एका मंगळवारी रात्री साडेअकरापर्यंत मी एका लाल चांदणीशी भांडत बसले होते.

आमच्या गावात (बॉस्टनच्या पश्चिमेला, नाव सांगत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको) दर जूनमध्ये कलामहोत्सव भरतो. यंदा म्हटलं, आपणही दहा मिनिटं गाऊ. संगीत शाकुंतलातली नांदी आणि एक पद. फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, माणसं किती, खुर्च्या किती, प्लग किती लागतील, सगळं भरून झालं. मग तो रकाना आला: ‘स्कोअर, पीडीएफमध्ये जोडा.’ पुढे लाल चांदणी. जोडल्याशिवाय सबमिटचं बटण उजळतच नाही.

आता नांदीचा स्कोअर, म्हणजे स्वर लिहिलेला कागद, मी कुठून आणू? मेल टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी मधाळ. इथली माणसं नकार इतका गोड देतात, की आपण आधी ‘थँक यू’ म्हणून मोकळे होतो आणि तो नकार होता हे चहा पिताना लक्षात येतं. मथितार्थ असा, की लिहिलेलं संगीत नसेल तर ती ‘रचना’ धरता येत नाही. ‘उत्स्फूर्त’ गटात अर्ज करा, तिथे तीन मिनिटं मिळतील.

उत्स्फूर्त! १८८० सालापासून पिढ्यान् पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली नांदी उत्स्फूर्त, आणि गेल्या महिन्यात कोणी पाच रेघांवर चार काळे ठिपके काढले असतील तर ती रचना.

नवरा म्हणाला, “अगं, भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिही आणि दे पाठवून. ते काय वाचणारेत?” त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. लिपी आपल्याकडेही आहे. भातखंड्यांनी केली, पलुसकरांनी वेगळी केली, क्रमिक पुस्तकांचे सहाही भाग माझ्याकडे आहेत. पण आमच्या घरात पद लिपीवरून कोणी शिकलं नाही. आजोबा पायपेटीवर बसायचे, एक ओळ म्हणायचे, आपण म्हणायची. चुकलं की ते काही बोलायचे नाहीत, फक्त पाय थांबायचा. पेटीतली हवा हळूहळू जायची आणि आपल्याला कळायचं. हे पीडीएफमध्ये कसं जोडतात?

(आणि खरं सांगायचं तर मला लिपी धड लिहिता येत नाही. परीक्षेपुरती घोकली होती. पण मुद्दा तो नाही.)

शनिवारी पुस्तकं परत करायला गेले आणि लायब्ररीच्या काउंटरवरच्या बाईंपुढे सगळी मळमळ ओकले. सत्तरीच्या असतील. तरुणपणी ऑर्गन शिकलेल्या आहेत एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. म्हणाल्या, दुसऱ्या लायब्ररीतून तुझ्यासाठी एक पुस्तक मागवते. चार दिवसांनी आलं. जाडजूड, १९८४ सालचं, हार्वर्डच्या छापखान्याचं, इटलीतल्या मध्ययुगापासूनच्या संगीतावरचे निबंध. एका पानावर त्यांनी कागदाची चिठ्ठी घालून ठेवली होती. लेखकाचं नाव नीनो पिरोत्ता. मी कधी ऐकलेलं नव्हतं. तुम्हीही बहुधा नसेल.

चिठ्ठीच्या पानावर हा माणूस म्हणतो, की आपण ज्यावरून संगीताचा इतिहास लिहितो ते कागदावरचं संगीत म्हणजे हिमनगाचं पाण्यावर दिसणारं टोक आहे. बाकीचा सगळा डोंगर पाण्याखाली. लोक गात होते, कोणी लिहीत नव्हतं.

मी काउंटरपाशीच मोठ्यांदा “बघा!” म्हटलं. मराठीत.

हेच एखाद्या लोकगीतवाल्याने म्हटलं असतं तर मला एवढं वाटलं नसतं. पण पिरोत्ता म्हणजे कागदाचाच माणूस. जन्म १९०८, पालेर्मो, म्हणजे सिसिली. तिथे आणि फ्लॉरेन्सला शिकला, ऑर्गनही शिकला. (आजोबांची पायपेटी आणि चर्चमधला ऑर्गन यांची तुलना नको हे मला कळतं. पण दोन्हींत हवाच असते.) १९३६ पासून पालेर्मोच्या संगीत विद्यालयात ग्रंथपाल, १९४८ पासून रोमला सांता चेचिलिया या संगीत विद्यालयात ग्रंथपाल. म्हणजे वीस वर्षं जुनी हस्तलिखितं उघडायची, झटकायची, पुन्हा जागेवर ठेवायची. १९५६ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो हार्वर्डला आला, प्राध्यापक आणि तिथल्या संगीत ग्रंथालयाचा प्रमुख म्हणून. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. ट्रॅफिक नसेल तर.

एवढा कागद हाताळलेला माणूस म्हणतो, कागदावर विश्वास ठेवू नका.

त्याचं मुख्य काम ऑपेराच्या, म्हणजे सबंध गाऊन होणाऱ्या नाटकाच्या, जन्मावर आहे. शाळेतल्या पुस्तकासारखी गोष्ट अशी सांगतात: फ्लॉरेन्समध्ये बार्दी नावाच्या सरदाराच्या घरी विद्वान जमायचे, त्यांत गॅलिलिओचे वडील विंचेन्झोही. ग्रीक नाटकं गाऊन होत असत असं त्यांचं मत. म्हणून आपणही तसं करू या, असं ठरलं आणि ऑपेरा जन्माला आला. १५९८ मध्ये पेरी नावाच्या संगीतकाराचं ‘दाफ्ने’. मग ६ ऑक्टोबर १६०० ला पिट्टी राजवाड्यात, मारिया दे मेदिचीच्या लग्नाच्या समारंभात, त्याचंच ‘एउरिदिचे’. संगीत पूर्ण टिकलेला हा सर्वांत जुना ऑपेरा.

पिरोत्ताला ही चर्चेतून बाळ जन्माला आल्याची गोष्ट पटत नव्हती. आधी त्याने दाखवलं, की ही मंडळी एकजूट वगैरे मुळीच नव्हती. बार्दीचं वर्तुळ वेगळं, कोर्सी नावाच्या दुसऱ्या सरदाराचं वेगळं, आणि पेरी, काच्चिनी, काव्हालिएरी या संगीतकारांत श्रेयावरून जुंपलेली. पेरीच्या ‘एउरिदिचे’त काच्चिनीची शिष्यमंडळी गाणार होती, तर काच्चिनी अडून बसला, माझी माणसं माझ्याच चाली गातील. गायलीही. वर त्याच शब्दांना स्वतःचं संगीत देऊन पेरीच्या आधी छापून मोकळा झाला. नाटक कंपन्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आजोबांकडे अशा दहा गोष्टी होत्या, नावानिशी, म्हणून इथे लिहीत नाही.

मग १९६९ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, ‘दोन ऑर्फिअस’. ऑर्फिअस म्हणजे मेलेल्या बायकोला, एउरिदिचेला, आणायला पाताळात गेलेला ग्रीक गोष्टीतला गायक. दुसरा ऑर्फिअस सगळ्यांना माहीत आहे, मोंतेव्हेर्दी या संगीतकाराच्या ऑपेरातला, मांतुआ शहर, १६०७. पहिला मात्र त्याच मांतुआत सव्वाशे वर्षं आधी झाला होता. पोलित्सियानो नावाच्या कवीने लिहिलेला, त्याच्याच म्हणण्यानुसार दोन दिवसांत, आजूबाजूला गोंधळ चालू असताना. ऑर्फिअस झाला होता बाच्चो उगोलिनी, आपणच लिरा हे तंतुवाद्य वाजवत गाणारा. त्याने काय गायलं? एक सूर शिल्लक नाही. आणि पिरोत्ताचं म्हणणं, की ऑपेराची मुळं शोधायची तर या न उरलेल्या गाण्यातही शोधा. दरबारी नाटकांत, दोन अंकांमधल्या गाण्यांत, कवितेला ठरलेली चाल लावून तिथल्या तिथे गाणाऱ्यांत.

चाल. मी इथे अडकले.

१५०५ मध्ये व्हेनिसला पेत्रुच्चीने छापलेल्या गाण्यांच्या पुस्तकात एक तुकडा आहे, ‘सॉनेट गाण्याची रीत’. एका चालीत कुठलंही सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, बसवा. फ्लॉरेन्सच्या जुन्या भजनांच्या पुस्तकांत तर सूर नसतातच, कवितेच्या डोक्यावर फक्त लिहिलेलं असतं, ‘अमक्यासारखं गावं’. आता आपल्या जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक काढा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर काय असतं? ‘चाल:’ आणि पुढे दुसऱ्या गाण्याची अर्धी ओळ. ज्याला येते त्याला येते.

त्यांचे ते अभ्यासाचे विषय आणि आमचं ते उत्स्फूर्त, तीन मिनिटं.

पण हे लिहिताना मला सांगलीची आठवण झाली आणि माझाच आवाज जरा खाली आला. आम्ही सांगलीकर १८४३ फार मिरवतो. विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, पाच नोव्हेंबर. मीही मिरवते, पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) लोकांना धरून सांगते. इटलीत ऑपेराला राजवाड्यातून निघून व्हेनिसच्या सान कास्सियानो नाट्यगृहात तिकिटावर यायला १६०० ते १६३७ अशी सदतीस वर्षं लागली. भावे दहा वर्षांत मुंबईला ग्रँट रोडवर तिकीट लावून उभे होते. (राजेसाहेब गेल्यावर दरबारचा आधार सुटला म्हणून जावं लागलं, हे मी पॉटलकमध्ये सांगत नाही.) व्हेनिसची ती पहिली मंडळीही फिरतीच होती. फेर्रारी शब्द लिहायचा आणि तंतुवाद्य वाजवायचा, मानेल्ली चाली द्यायचा आणि गायचा, त्याची बायकोही गायची. फिरत्या नाटकवाल्यांशी ऑपेराचं किती जवळचं नातं होतं, यावर पिरोत्ताचा १९५५ चा निबंध आहे. तो वाचताना मला सारख्या बैलगाड्या दिसत होत्या.

पण ‘एउरिदिचे’ आज संध्याकाळी कोणीही गाऊ शकतं. छापलेलं आहे. १८४३ च्या त्या रात्री सांगलीत नक्की काय वाजलं, ते कोण गाऊन दाखवेल?

कागदवाल्यांचंही सगळं उरलंय असं नाही म्हणा. मोंतेव्हेर्दीच्या ‘आरियान्ना’चा एक विलाप तेवढा राहिला, बाकीचं संगीत गेलं. आणि ‘ऑर्फिअस’ छापताना, १६०९ मध्ये, त्याने एका जागी मोठी गंमत केली आहे. ऑर्फिअस नावाड्याला विनवतो, मला पाताळात ने. तिथे गायकाच्या दोन ओळी एकाखाली एक छापल्यात. एक साधी, दुसरी हरकती-मुरक्यांनी भरलेली. मी यूट्यूब लावून दोन्ही ओळींवर बोट ठेवून ऐकलं. ठिपके मला फारसे कळत नाहीत, पण साधी ओळ कुठली आणि गळा कुठला हे कळायला ठिपके लागत नाहीत. पिरोत्ताच्या डोंगराचा एक कडा तेवढ्यापुरता पाण्यावर आलाय असं वाटलं. आजोबांचं पद मी कधी तसं, दोन ओळींत, उतरवून ठेवलं का? फोनवर रेकॉर्ड तरी केलं का? त्यांच्या शेवटच्या दिवाळीला मी तिकीट महाग म्हणून गेले नव्हते. खरंच महाग होतं, त्या वर्षी सगळ्यांचंच.

पिरोत्ता परत गेला. हार्वर्डसारखी जागा सोडून सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला रोमच्या विद्यापीठात शिकवायला गेला, आणि १९९८ मध्ये वारला तो पालेर्मोतच. इथे तो साधारण पंधरा वर्षं होता. आम्ही पाच वर्षं म्हणून आलो होतो, हे बारावं चालू आहे. त्याच्यासाठी तिकडे प्राध्यापकाची खुर्ची होती, हाही फरक आहेच. आणि मुलीची शाळा आहे. असो.

बुधवारी पुस्तक परत केलं तेव्हा बाईंनी विचारलं, फॉर्मचं काय झालं? म्हटलं, तसाच आहे. त्या म्हणाल्या, “अगं, त्या रकान्यात काय जोडलंय ते कोणी उघडून बघत नाही. समितीत माझी बहीण आहे.”

घरी आले. आजोबांच्या वहीचे फोटो आईने मागे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, त्यातलं पदाचं पान शोधलं. जांभळी शाई, कोपऱ्यात तेलाचा डाग, वर ‘चाल:’ आणि पुढचा शब्द पुसट, मला लागत नाही. पीडीएफ केलं, जोडलं. बटण उजळलं.

शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, युकुलेलेवाल्यांच्या नंतर. दहा मिनिटं मिळाली आहेत. पेटी मी आणते. बॉस्टनच्या आसपास कोणी तबलजी ओळखीचा असेल, ज्याला नाट्यपदाची सवय आहे, तर खाली लिहा. आणि आई, तू वाचत असशील तर मूळ वही जरा उजेडात धरून बघ, त्या ‘चाल’पुढे काय लिहिलंय.