अप्पा, जॉन कॉफी आणि मुलाखतीचा दिवस

मागच्या रविवारी अप्पांना ‘द ग्रीन माईल’ दाखवला. तीन तास नऊ मिनिटांचा पिक्चर, त्यात लाईट दोनदा गेली. दुपारी दोनला लावलेला, दिवेलागणीला संपला. अप्पांनी ३२ वर्षं जेलात शिपाई म्हणून काढली, सगळी मराठवाड्यातच. टीव्हीवर जेल दिसलं की ते उठून ओट्यावर जाऊन बसतात. या वेळी उठले नाहीत. इंग्रजी त्यांना समजत नाही, मी शेजारी बसून सांगत होतो.

गोष्ट १९३५ सालची, अमेरिकेतल्या लुइझियानाची. मरणाची शिक्षा झालेल्यांची बराक, शेवटाला विजेची खुर्ची. तिथवरची फरशी हिरवी, म्हणून हे नाव. या बराकीत जॉन कॉफी नावाचा धिप्पाड काळा मजूर येतो. दोन लहान बहिणींच्या खुनाचा ठपका. आल्या आल्या विचारतो, रात्री दिवा चालू ठेवता का, मला अंधाराची भीती वाटते.

“थांबव,” अप्पा म्हणाले. “बराकीत दिवा रातभर चालूच ऱ्हातो. नव्या पोराला त्या उजेडानंच झोप येत नाही. अन् ह्यो दिवा मागायलाय.”

कॉफी हात लावून मुख्य गार्ड पॉलचं लघवीचं दुखणं घालवतो. चिरडलेला उंदीर ओंजळीत घेऊन जिवंत करतो. मोठ्या साहेबाच्या बायकोच्या मेंदूतली गाठ तोंडानं ओढून घेतो. इथं अप्पांचा विश्वास बसणार नाही असं मला वाटलं होतं. ते सहज म्हणाले, “हाताला गुण हाय त्याच्या.” आमच्या गावात मुरगळलेल्या पायासाठी लोक अजून अशाच हाताकडं जातात. मी दवाखान्यावर भरवसा ठेवणारा माणूस, तरी कॉफीवर माझा विश्वास बसला. कारण दुसऱ्याचं दुखणं घेताना तो स्वतः खचतो. कॉफी झालेल्या मायकेल क्लार्क डंकननं ते थकणं नुसत्या डोळ्यांत दाखवलंय.

व्हार्टन या कैद्याचा धिंगाणा मला लांबलेला वाटतो. पण पर्सी या गार्डचं प्रकरण एक मिनिटही कमी नको. पॉल त्याला बजावतो, इथं ओरडायचं नाही, बोलायचं. ही जागा दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागासारखी समज. अप्पा मान हलवत राहिले. “आवाज चढला की बराक बिघडती.” पुढं डोक्यावर ओला करून ठेवायचा स्पंज पर्सी मुद्दाम कोरडाच ठेवतो आणि खुर्चीतला माणूस जिवंतपणी जळतो. मी तो भाग पुढं ढकलायला गेलो, तर अप्पांनी हात धरला. “ऱ्हाऊ दे. त्यांना बघावं लागलं ना?”

कॉफी निर्दोष आहे हे पॉलला कळतं, तरी खुर्चीपर्यंत त्यालाच न्यावं लागतं. तेव्हा तो ४४ वर्षांचा. गोष्ट सांगतो तेव्हा १०८ वर्षांचा. अप्पांच्या नोकरीत फाशी कधी आली नाही, महाराष्ट्रात ती येरवडा आणि नागपूरलाच. मला वाटलं, ते पॉलबद्दल बोलतील.

लाईट लावली तर ते कॉफीबद्दल म्हणाले, “मुलाखतीला कोणीच आलं नाही की रे त्याच्या.”

वकील होता, मी म्हटलं.

“वकील नाही. घरचं माणूस.”

मग त्यांनी एका कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, कैद्याचं सांगितलं, मी याआधी कधीच ऐकलं नव्हतं. मुलाखतीच्या, म्हणजे घरच्यांनी भेटायच्या दिवशी सकाळच्या एसटीनं बायका यायच्या, पोरं कडेवर, फडक्यात भाकरी. आतून एकेक नाव पुकारायचं. या पोराकडं १४ महिने कोणी आलं नाही. तरी त्या दिवशी तो अंघोळ करून, केस ओले करून चापून बसवून गजांपाशी उभा राहायचा. अप्पा म्हणायचे, जा, बस. तो म्हणायचा, “उभा ऱ्हातो साहेब. नाव घ्यायलेत अन् मला ऐकू आलं नाही तर?”

त्याचं नाव अप्पांना अजून पाठ आहे, गावासकट. मला सांगितलं त्यांनी. इथं लिहीत नाही.